डिमेन्शिया: आजार घरात, योजना दवाखान्यात

आमच्या आत्याच्या हातचं वालाचं बिरडं सगळ्या नात्यात प्रसिद्ध होतं. पेणजवळच्या गावी, मागच्या पडवीत ती मोड आलेले वाल सोलायला बसायची. तोंडाने गप्पा चालू आणि हात आपोआप: डाळिंबी पातेल्यात, साल ताटलीत. चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात वहिनीने, म्हणजे तिच्या सुनेने, सहज पाहिलं तर सालं पातेल्यात होती आणि डाळिंब्या ताटलीत. वहिनी हसली, आत्याही हसली. कुणीतरी 'साठी बुद्धी नाठी' म्हटलं आणि सगळे जेवायला बसले.

हा आजार आहे हे कळायला त्यानंतर दीड वर्ष गेलं. तोवर ती रोज दिवेलागणीला पिशवी भरून ओट्यावर येऊन बसू लागली होती. "मला घरी सोडा रे कुणीतरी." ज्या घरात पंचावन्न वर्षं संसार केला, त्याच घराच्या ओट्यावर बसून.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मी आता वापरत नाही. वय झालं की नावं चटकन आठवत नाहीत, आमटीत मीठ घालायचं राहतं, हे खरंच आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मीठ विसरणं वेगळं आणि आमटी करायची म्हणजे आधी काय करायचं हेच न सुचणं वेगळं. दुसऱ्याला डिमेन्शिया म्हणतात. मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात खरे, पण तो शब्द अपुरा आहे. यात आठवण जाते तशी वाट जाते, हिशेब जातो, शब्द जातात, कधी स्वभावही बदलतो. आणि 'म्हातारचळ' म्हणून तर आपण माणसाची थट्टाच करतो. जपानी भाषेतही पूर्वी या आजाराला 'मूढपणा' अशा अर्थाचा शब्द होता. तो अपमानकारक आहे, लोक लाजेने डॉक्टरकडे जात नाहीत, हे लक्षात घेऊन तिथल्या सरकारने २००४ मध्ये तो शब्द अधिकृतपणे बदलला. सरकारने करायच्या गोष्टींत शब्द बदलणं हीसुद्धा एक गोष्ट असू शकते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

डिमेन्शिया हे एका रोगाचं नाव नाही, ताप जसं एका रोगाचं नाव नाही तसं. त्याच्या मुळाशी वेगवेगळे रोग असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६० ते ७० टक्के रुग्णांत ते मूळ अल्झायमर असतं. बाकीच्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्याने होणारा प्रकार, पेशींत लेवी बॉडी नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचून होणारा प्रकार, मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणारा प्रकार, किंवा यांची सरमिसळ. अल्झायमर हे नाव जर्मन डॉक्टरचं. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात त्याने पन्नाशीतल्या एका बाईला तपासलं, ती गेल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १९०६ मध्ये आपलं निरीक्षण मांडलं. पेशींच्या बाहेर साचलेले अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता. आजही निदानाचा पाया हाच आहे. हे साचणं लक्षणं दिसण्याच्या १५-२० वर्षं आधीच सुरू झालेलं असतं.

आता आधी कालचं का जातं आणि लहानपणचं का टिकतं? जुन्या पेढीवर दोन वह्या असायच्या, कीर्द आणि खतावणी. दिवसभराचे व्यवहार कीर्दीत, आणि संध्याकाळी दिवाणजी त्यातली एकेक नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचे. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग या दिवाणजींचं काम करतो. अल्झायमर बहुधा आधी याच भागाच्या आसपास हात घालतो. मग व्हायचं तेच होतं: आजची नोंद कुठे चढतच नाही. सकाळी चहा घेतलेला माणूस दहा मिनिटांनी "मला अजून कुणी चहा विचारला नाही" म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या खतावणीत चहा नाहीच. जुनी पानं मात्र शाबूत असतात. वाळवी तिथवर पोचायला अजून काही वर्षं असतात.

आत्याच्या बाबतीत हे आम्हाला बँकेत दिसलं. काकांच्या फॅमिली पेन्शनच्या कामासाठी सही हवी होती. तिने सावकाश, वळणदार अक्षरात सही केली, आणि क्लार्कने स्लिप परत दिली. सही माहेरच्या नावाने होती. आडनावच नव्हे, पहिलं नावही. लग्नात बदललेलं ते नाव पंचावन्न वर्षांत तिला कुणी हाक मारायला वापरलं नव्हतं. तिच्या मुलाला, दादाला, तर ते ठाऊकही नव्हतं.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकतो, कारण ती उपयोगाची आहे. विसरायला लागलेला प्रत्येक माणूस डिमेन्शियाचा नसतो. बी-१२ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, खोल नैराश्य, काही झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या, पडल्यावर कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त, या सगळ्यांत माणूस तसाच वागतो आणि उपचाराने बराचसा सुधारू शकतो. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं काही नवलाचं नाही. म्हणजे 'वय झालं' म्हणून घरी बसवून ठेवलेल्यांत काही जण इंजेक्शनांनी सुधारण्याजोगे असतात. निदान व्हायला हवं ते यासाठीही.

किती माणसं आहेत अशी? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख. २०१० मधल्या अहवालात हा अंदाज ३७ लाखांचा होता. दोन्हींच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे आजार तेरा वर्षांत दुपटीहून वाढला असं म्हणता येणार नाही, आधी आपण कमी मोजत होतो असंही म्हणता येईल. पण पुढचा अंदाज सरळ आहे: २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल, कारण म्हातारी माणसं वाढणार आहेत. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला आकड्यापेक्षा जास्त बोचते. प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. शिक्षण कमी मिळणं हा या आजारातला मोठा धोका आहे, आणि ज्या पिढीच्या मुलींना चौथीतून काढून शेतावर आणि चुलीपाशी बसवलं ती पिढी आता सत्तरीत आहे. न्यूरॉलॉजिस्ट मात्र शहरात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. डिमेन्शियाचा माणूस वर्षानुवर्षं जगतो, आणि त्यातला फारच थोडा काळ इस्पितळाच्या खाटेवर असतो. बाकी सगळा घरात. आपल्या सरकारी योजना मात्र खाटेभोवती बांधलेल्या आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतचं, कुटुंबामागे ५ लाखांचं, संरक्षण मिळालं, चांगलं झालं. राज्याची महात्मा जोतिराव फुले योजनाही आहे. पण दोन्ही योजनांचा पैसा सुटतो तो प्रामुख्याने माणूस दाखल झाल्यावर. आत्याचं मांडीचं हाड मोडलं असतं तर कार्ड चाललं असतं. तिला दिवसातून चार वेळा कपडे बदलावे लागतात, रात्री दोनदा उठून ती मुख्य दाराची कडी काढते, तिच्यावर बारा तास नजर ठेवावी लागते, यासाठी कुठलंही कार्ड नाही. ब्युरोतून बाई ठेवायची चौकशी केली तर सांगितलेला दर दादाच्या निम्म्या पगाराएवढा होता. तेव्हा ती बाई म्हणजे वहिनी. तिने शिवणाचे क्लास बंद केले. घरात कुणी तो तोटा म्हणून कधी मोजला नाही, मीही हा लेख लिहायला बसेपर्यंत मोजला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने मोजलाय. २०१९ मध्ये डिमेन्शियाने जगाला १.३ लाख कोटी डॉलरचा खर्च पडला आणि त्यातला सुमारे निम्मा म्हणजे घरच्यांनी फुकट केलेली सेवा. त्या सेवेच्या तासांतले ७० टक्के तास बायकांचे. ज्या देशात सेवा देणारी सून हीच व्यवस्था आहे तिथे काय प्रमाण असेल ते वाचकांनी आपल्याच घराकडे बघून ठरवावं.

कायद्याची गंमत तर त्याहून न्यारी. बँकेतल्या त्या सहीनंतर दादाला सगळ्यांनी एकच सल्ला दिला, कुलमुखत्यारपत्र करून घे. वकिलाने हात वर केले. आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या २०१ व्या कलमानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवशी या कागदाची खरी गरज पडते, त्याच दिवशी तो कागद रद्दी होतो. ज्या इंग्रजांनी हा कायदा इथे आणला त्यांनी स्वतःच्या देशात १९८५ मध्येच ही फट बुजवली; तिथे क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र धडधाकट असतानाच करून ठेवता येतं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांबाबत आगाऊ सूचना लिहून ठेवायची आणि प्रतिनिधी नेमायची सोय केली, पण ती उपचारांपुरती. पैसे, घर, पेन्शन याबद्दल ती काही बोलत नाही. मग उरतो उच्च न्यायालयाचा रस्ता. मुंबई उच्च न्यायालयाने अशा कित्येक प्रकरणांत घटनेच्या कलम २२६ खाली मुलाला किंवा पत्नीला पालक नेमलं आहे. न्यायालयाचं यात कौतुकच आहे. पण आईच्याच खात्यातून आईच्याच डायपरचे पैसे काढायला रिट याचिका करावी लागावी?

आणखी एक मासला. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. पार्किन्सन त्यात नावानिशी आहे, डिमेन्शिया नाही. त्याला 'मानसिक आजार' किंवा 'दीर्घकालीन मज्जाविकार' यांच्या आडोशाने आत शिरावं लागतं, आणि शिरू द्यायचं की नाही हे समोरच्याच्या समजुतीवर. तेच आयकराचं बघा. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०डीडीबी कलमाखाली उपचाराच्या खर्चाची सूट मिळणाऱ्या आजारांची जी यादी नियमांत होती, तिच्यात मज्जासंस्थेच्या आजारांत पहिलंच नाव डिमेन्शियाचं. म्हणजे कर भरणाऱ्याची आई आजारी असू शकते, हे सरकारच्या एका खात्याला नीट माहीत आहे. ज्यांच्या घरात कर भरण्याएवढं उत्पन्नच नाही त्यांचं काय?

मग सरकारकडे मागायचं काय? 'जनजागृती करा' एवढंच मागणं मला पटत नाही. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन येतो, बॅनर लागतात, भाषणं होतात. जागृत झालेला माणूस दुसऱ्या दिवशी कुठे जाणार, हा खरा प्रश्न आहे.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत डिमेन्शियाचा कृती आराखडा मंजूर झाला. २०२५ पर्यंत ७५ टक्के देशांनी आपापलं धोरण करावं असं त्यात ठरलं होतं. २०२१ मध्ये संघटनेनेच पाहिलं तर जेमतेम चौथाई देश तिथवर आले होते. शेवटी मुदत २०३१ पर्यंत वाढवावी लागली. भारताचं स्वतंत्र राष्ट्रीय धोरण अजून नाही. पण आरोग्य हा घटनेने राज्यांकडे दिलेला विषय आहे, त्यामुळे महाराष्ट्राने दिल्लीकडे डोळे लावून बसायचं कारण नाही. केरळ बसलं नाही. २०१४ मध्ये त्यांनी राज्याचा डिमेन्शिया उपक्रम सुरू केला, त्यात दिवसभर सांभाळणारं केंद्र आणि पूर्णवेळ निवासाचं केंद्र उघडलं. कर्नाटकने २०२२ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेला बरोबर घेऊन मेंदू आरोग्याचा कार्यक्रम काढला आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेला. दोन्ही दक्षिणेतली राज्यं, दोन्हींकडे आपल्यासारखीच तिजोरीची रड.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. आशाताई घरोघर फिरून रक्तदाब-मधुमेहाचा जो फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्या माणसांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? मला हे वाचून खरंच आनंद झाला होता. आमच्याकडे आशाताई आल्या, त्यांनी विचारलं, वहिनीने "हो" सांगितलं, त्यांनी खूण केली. मग वहिनीने विचारलं, "आता पुढे?" आशाताई बिचाऱ्या प्रामाणिक. म्हणाल्या, "केंद्रावर घेऊन या, डॉक्टर बघतील." केंद्रावरच्या डॉक्टरांनी आपुलकीने बोलून मोठ्या शहरातल्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. एसटीत दोन तास बसून, गर्दीत बावरलेल्या आत्याला धरून जायचं, केस पेपर काढायचा. म्हणजे प्रश्न छापलाय, उत्तरानंतरचा रस्ता बांधायचा राहिलाय.

तो रस्ता काही चंद्रावर जायचा नाही. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरला तासाभरात करता येईल अशी चाचणी, आणि ती मराठीत. हे 'मराठीत' भाषाभिमानाने म्हणत नाही. विलायती चाचण्यांत शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, वाक्य लिहायला सांगतात. शाळेत न गेलेली म्हातारी त्यात नापास होते आणि आजारी ठरते. हरियाणातल्या बल्लभगडला अभ्यास करताना संशोधकांना म्हणूनच खेड्यातल्या माणसांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार करावी लागली होती. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चाचण्यांचा संच केला तो सुरुवातीला पाच भाषांत: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती. प्रमाण मराठीतलीही एकच चाचणी पुरणार नाही. आगरी बोलणाऱ्या आजीला 'ऋतू कोणता' विचारण्यापेक्षा भाताची लावणी झाली का, असं विचारावं लागेल.

दुसरी गोष्ट घरी येणारं माणूस. याचा धडा गोव्यात गिरवून झालाय. बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला गेला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी घरी जायचं, आजार समजावायचा, रुग्ण चिडला तर काय करायचं ते दाखवायचं, सांभाळणारीचं ऐकून घ्यायचं, गरज पडली तर डॉक्टरशी गाठ घालून द्यायची. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती स्पष्ट सुधारलेली आढळली. यात कुठलं महागडं यंत्र नाही, औषध नाही. आशाताईंवरच हे काम लादा असं मी म्हणत नाही, त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ ओझी आहेत आणि मानधनासाठी त्यांना रस्त्यावर उतरावं लागतं. तालुक्याला चार वेगळी माणसं, नीट पगारावर.

औषधांचं काय, असं लोक विचारतात. डोनेपेझिल, मेमँटिन वगैरे जुनी औषधं काहींना काही काळ आधार देतात, आजार थांबवत नाहीत. अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झालेली लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही इंजेक्शनं अमायलॉइड काढून टाकतात आणि अगदी सुरुवातीच्या रुग्णांत घसरण थोडी मंद करतात. पण त्यासाठी वारंवार एमआरआय लागतो, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. पेणजवळच्या गावाला त्यातून नजीकच्या काळात काय मिळणार हे स्पष्ट आहे.

त्यापेक्षा टाळता येण्याजोगं पुष्कळ आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ धोके मोजले. त्यांच्या हिशेबाने ते सगळे दूर करता आले तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखूचा धूर, दारू, डोक्याला मार, हवेचं प्रदूषण, एकटेपणा, आणि न ऐकू येणं. हे शेवटचं लोकांना पटत नाही. पण ऐकू न येणारा माणूस बोलण्यातून बाहेर पडतो, मग माणसांतून बाहेर पडतो आणि मेंदूला काम उरत नाही. राज्याच्या वयोश्री योजनेत पासष्टीच्या पुढच्या गरजू माणसाला चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. तीन हजारांत बऱ्यापैकी श्रवणयंत्र येत नाही, आणि कान तपासून ते नीट बसवून देणारं कुणी तालुक्याला नसेल तर आलेलंही कपाटात पडतं. हेल्मेटसक्ती, मोतीबिंदूची शिबिरं, रक्तदाबाच्या गोळ्या केंद्रावर दर महिन्याला न चुकता मिळणं, ही सगळी डिमेन्शियाचीच कामं आहेत. फक्त त्यांच्यावर ते नाव लिहिलेलं नसतं.

आणि तिसरी मागणी, माझ्या लेखी पहिली: तालुक्याच्या गावी दिवसाचं केंद्र. सकाळी नऊला सोडायचं, पाचला आणायचं. मुलांसाठी अंगणवाडी आपण गावोगाव करू शकलो. जपानने म्हाताऱ्यांच्या सांभाळासाठी २००० पासून सक्तीचा विमा आणला, चाळिशीपासून प्रत्येक जण त्यात पैसे भरतो, आणि अशी केंद्रं त्यातून चालतात. तेवढी ऐपत आपली नाही हे मान्य. पण आठवड्यातून दोन दिवस, समाजमंदिराच्या रिकाम्या खोलीत, दोन प्रशिक्षित मावश्या?

मागच्या गणपतीत मी दुपारभर आत्याजवळ बसलो आणि दादा-वहिनीला बळेच बाहेर पाठवलं. तीन वर्षांत दोघं एकत्र घराबाहेर पडले नव्हते. आत्याने मला "तू कुणाचा रे?" असं अकरा वेळा विचारलं आणि मी अकरा वेळा सांगितलं. मधे वाटीभर वाल दिले ते तिने मन लावून सोलले, सालं एकीकडे, डाळिंब्या एकीकडे, मग दोन्ही एकत्र केलं. पाचला दोघं परत आले. मी विचारलं, कुठे गेला होता, सिनेमा?

"छे हो भावोजी," वहिनी चपला काढत म्हणाली, "स्टँडवर बसून चहा प्यायलो दोनदा. बोललोही नाही काही."